पायासाठी राखलेल्या केळी

सार्वजनिक मदत म्हटली की मला प्रथम हिशेब आठवतो, कृतज्ञता नंतर. हा दोष असेल तर तो मी वसईच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकुनी करताना जडवून घेतला आणि तो जाऊ नये याची काळजीही घेतली. माझ्या पत्नीच्या लाकडी पायासाठी गावाने पैसे उभे केले, ती स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे होती. त्या मदतीविषयी आमच्या गिरीज गावात आजही गोड शब्दांत बोलले जाते. त्या सांगण्यात एक भाग नेहमी गाळला जातो; तो येथे लिहून ठेवतो.

आमची केळीची वाडी आणि शेजारच्या आबांची वाडी यांना मिळून एकच विहीर होती आणि तिच्यावर एकच रहाट. आबा माझ्या वडिलांच्या वयाचे. मी आणि पत्नी दोघेही त्यांना आबाच म्हणत असू. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. पाळी संपली की बैल सोडून माणूस नुसता निघून जात नसे. पुढच्या पाळीवाल्याला तो तोंडाने सांगे, ‘रहाट सोपवला, खीळ धड आहे.’ बैल थांबल्यावर भरलेल्या गाडग्यांच्या वजनाने चाक उलटे फिरू नये म्हणून एक लाकडी खीळ असे. सारा भार तिच्यावर. म्हणून तिचा वेगळा उल्लेख. ही रीत कोठल्याही कायद्यात नोंदलेली नव्हती, पण मी पाहिलेल्या बऱ्याच कायद्यांपेक्षा ती शहाणपणाची होती.

मी दिवसभर कोर्टात असल्याने आमची पाळी पत्नी चालवी. एका सकाळी तिने बैल थांबवला आणि जू काढण्यासाठी ती वाकली तोच खीळ मोडली, चाक उलटे सुटले आणि तिचा डावा पाय दात्यांत सापडला. मुंबईच्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. मी दोन दिवसांनी घरी कपडे न्यायला आलो तेव्हा रहाटावर नवी खीळ बसलेली होती. आबा म्हणाले, “दुसऱ्या कुणाला इजा नको, म्हणून लगेच बदलली.” मी त्यांचे आभार मानले. जुनी खीळ कोठे आहे, हे मी विचारले नाही.

लाकूड आणि चामड्याचा पाय बनवणारा एक कारखाना मुंबईत होता. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली पाय नेताना. पत्नीचे दागिने इस्पितळातच संपले होते. कुबड्यांवर ती ओटीपर्यंत येई. वाडीच्या पाटांत आणि चिखलात कुबडी रुतत असे. ज्या बाईचा सारा दिवस वाडीत जाई तिला ओटीवरून वाडी नुसती पाहावी लागे. तिने एकदाच सांगितले, “मला पाय हवाय. बाकी काही म्हणून नकोय.” गावात काहींचे मत निराळे होते. बाईमाणसाला कशाला हवा पाय, घरात बसून भाजी चिरता येते, असे एका प्रतिष्ठित गृहस्थांनी माझ्यादेखत म्हटले. त्यांना मी सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

अखेर ठरले ते असे: प्रत्येक वाडीने राजेळी जातीची एक केळ पायासाठी राखायची, तिच्या बुंध्याला तांबडी चिंधी बांधायची, आणि लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, तयार झाला की तो आबांकडे पोचता करायचा. आबा दरवर्षी सुकेळी घालत. केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात वाळवायची आणि पानांत बांधून मुंबईला पाठवायची, हे काम त्यांच्याइतके कोणाला साधत नसे. ओल्या केळ्यांपेक्षा सुकेळ्यांना भाव पुष्कळ. योजना सर्वांना आवडली. मला तिच्यात दोन भोके दिसली.

पहिले भोक चिंधीचे. भरलेल्या केळीची चिंधी सोडून मरतुकड्या केळीला बांधायला कितीसा वेळ लागतो? म्हणून मी वाडीवाडीत हिंडून प्रत्येक राखलेल्या केळीच्या बुंध्यावर चाकूने माझी खूण कोरली. माझी चुलत काकू कुंपणावरून ओरडली, “अरे, केळीला आता समन्स बजावतोस की काय? उद्या कोर्टात उभी करशील तिला!” लोक हसले. पण नंतर दोन चिंध्या जागा बदललेल्या आढळल्या, हे काकू कधी सांगत नाही.

दुसरे भोक आबांचे. ओले केळे वाळले की त्याचे वजन किती उरते हे ऊन आणि वारा ठरवतात. आणि ऊन-वाऱ्याला साक्षीला बोलावता येत नाही. कोणी निम्मा माल बाजूला काढला तरी ‘वाळून गेला’ या दोन शब्दांत प्रकरण मिटते. मी आबांना पत्र लिहून आलेल्या लोंगरांची आणि गेलेल्या सुकेळ्यांची वजने मागितली. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले. पोस्टमन आमच्या दारावरून पुढे जाऊन, वळसा घालून, कुंपणापलीकडे ते देऊन आला. संध्याकाळी आबा कुंपणाशी आले.

“हाक मारली असतीस तर ऐकू आलं असतं मला.”

“हाकेची पोच मिळत नाही, आबा.”

त्यांनी वजने दिली. ती ताडून पाहण्यासाठी मी आमच्याच वाडीतला एक लोंगर पत्नीकडून वाळवून घेतला. ओटीवर बसून तिने तो त्याच उन्हात, त्याच दिवसांत, त्याच पद्धतीने वाळवला. मी तागडी धरली. आबा सांगत होते त्या मानाने आमची सुकेळी कमी भरली. पुन्हा वाळवली, पुन्हा कमीच.

मला त्या रात्री राग आवरेना. हिशेब कमी भरला तर चोर सापडतो. जास्त भरला तर काय सापडते? मी पहिला तर्क केला की आबा सुकेळी अर्धी ओली ठेवून वजन वाढवतात. तसा माल मुंबईला पोचेपर्यंत बुरसणार, आणि बदनामी माझ्या पत्नीच्या पायाची. सकाळी मी त्यांच्या मांडवावर गेलो, एक सुकेळे उचलून मोडले. आतपर्यंत व्यवस्थित वाळलेले होते.

“खा, खा,” आबा म्हणाले. “मोडलंस तर खा आता.”

“वजन जास्त का भरते?”

“कमी आलं तर माणूस भांडतो. जास्त आलं म्हणून भांडायला आलेला तूच पहिला.”

“प्रश्नाचे उत्तर द्या, आबा.”

“ऊन चांगलं पडलंय यंदा.”

“उन्हाने वजन घटते. वाढत नाही.”

ते खाली वाकून सुकेळी उलटत राहिले. मांडवाच्या टोकाला त्यांच्या स्वतःच्या केळ्यांची रास पडे. यंदा ती जागा रिकामी होती. स्वतःचा सारा माल ते पायाच्या मालात घालत होते. कंजूष म्हणून गावभर ख्याती असलेला माणूस, आणि गुपचूप? दानशूर माणूस गाजावाजा करतो. गुपचूप देतो तो काहीतरी फेडत असतो.

घरी येऊन मी पत्नीला सांगितले. ती पापड लाटावेत तितक्या शांतपणे म्हणाली, “खीळ चिरलेली होती. काथ्यानं बांधली होती. मी पडले तेव्हा तो तुटलेला काथ्या माझ्या तोंडासमोर होता.”

आदल्या दिवशी पाळी आबांची होती. खीळ चिरली, त्यांनी ती काथ्याने आवळून वेळ मारून नेली आणि रहाट सोपवताना सांगितले नाही. मग पुरावा बदलून टाकला आणि मी त्यांचे आभार मानले!

“आणि हे तू मला इतके दिवस सांगितले नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही दावा लावला असता.”

“अर्थात!”

“दाव्याचा निकाल लागेपर्यंत मी कुबडीवर म्हातारी झाले असते. आबा काय, गाव काय, एकाही केळीला चिंधी बांधली नसती कुणी. अहो, मला पाय हवाय. आधी पाय.”

आमच्या घरची बोली वेगळी. छापील मराठीत आणताना या बोलण्याची धार गेली आहे. मूळ शब्द मला अजून टोचतात. मी नोटीस लिहिली. हयगय, पुराव्याची विल्हेवाट, नुकसानभरपाई, सारे कलमवार. निष्काळजीपणाचे देणे दानाच्या पिशवीत घालून चुकवता येत नाही, असे शेवटचे वाक्य होते. ते मला आजही उत्तम वाटते. तिने नोटीस वाचून घेतली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवली. “पाय आल्यावर टाका पोस्टात. तुमच्या आड येणार नाही.”

शेवटची सुकेळी विकली गेली आणि पाय आला. चामड्याचा वास येई, पट्टे कचकचत. पहिले काही आठवडे जखमेची जागा सोलवटून निघे. ती रडत असे, पण चालत असे. मग एके दिवशी तिने सांगितले की उद्या आपली पाळी तीच चालवणार. मी रजा काढली.

आबांनी त्यांची पाळी संपवून बैल सोडला आणि आम्हाला पाहून ते बाजूने निघाले. पत्नी वाटेत उभी राहिली.

“आबा, सोपवल्याशिवाय निघालात?”

“सोपवला ग बाई. रहाट सोपवला.”

“खीळ?”

ते रहाटाकडे पाहत राहिले. बैल शेपटी हलवत होता.

“आजची धड आहे,” आबा म्हणाले. “त्या दिवशीची चिरलेली होती. ठाऊक होती मला. सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि बैलाकडे गेली.

कबुली माझ्यासमक्ष दिलेली होती. तिच्यावर दावा सहज उभा राहिला असता. घरी आल्यावर तिने तांदळाचा डबा उचलून बाजूला ठेवला आणि लाकडी पाय सोडायला बसली. मी तिच्या पायाचे पट्टे सोडले. नोटीस जिथे होती तिथेच राहिली. हे मी आबांसाठी केले नाही. त्यांना मी आजही क्षमा केलेली नाही, आणि त्यांनी कधी मागितलीही नाही.

त्यानंतर विहिरीवर पंप येईपर्यंत आबा आमच्या प्रत्येक पाळीला मोठ्याने सांगत, ‘खीळ धड आहे.’ ते सांगून झाले की कोर्टात जाण्याआधी मी विहिरीवर जाई आणि दोन्ही हातांनी खीळ हलवून पाहत असे. पत्नी रहाटाशी उभी राहून माझी वाट पाही. मी मान हलवल्याखेरीज तिने बैल कधी जुंपला नाही.