नीराबाईचा काढा

आगरदांड्याच्या कोळीवाड्यात नीराबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा मुलगा हरेश्वर पाळण्यात होता. तरी तिनं होडी विकली नाही. खलाशी ठेवले आणि त्यांना धाकात ठेवलं. मासळीचा भाव पाडून मागणाऱ्याचा ती सात पिढ्यांपर्यंत उद्धार करायची. पण स्वतःची चूक झाली तर चारचौघांत कबूल करून मोकळीही व्हायची. एकदा तिनं शेजारणीवर कोंबडी चोरल्याचा आळ घेतला, आणि कोंबडी आपल्याच पडवीत सापडल्यावर ती काखेत मारून तिच्या दारात जाऊन उभी राहिली. अशा बाईनं आयुष्यात एकच गोष्ट दाबून ठेवली, आणि त्या गोष्टीनं तिला आतून पोखरलं. ती गोष्ट तिच्या सुनेची.

राही सून होऊन आली ती एकोणीसशे सव्वीसच्या सुमारास. हात कामाचे, बोलणं मवाळ. दोन-तीन वर्षं गेली तरी तिची कूस उजवेना. कोळ्याच्या घरात बाईचं काही झाकून राहत नाही. पाळी आली की बाई जाळ्याला हात लावत नाही, बाजूला बसते. मग घराला कळतं आणि दाराला कळतं. राही मात्र महिनेच्या महिने फाटकी जाळी तुणत, सांधत बसलेली दिसायची, आणि पोटही दिसत नव्हतं. तिची पाळी चार-चार, पाच-पाच महिने यायचीच नाही. कमरेशी अंग सुटलं. मानेवर काळपट पट्टा उमटला. हनुवटीवर राठ केस येऊ लागले, तेव्हा तर आळीतल्या बायकांना विषयच मिळाला. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे हिच्यात बाप्याचा वारा शिरलाय.

नीराबाईनं तिला बाजारात पाठवणं बंद केलं आणि घरामागं बोंबील वाळवायला बसवलं. लोकांच्या नजरेपासून पोरीला जपते, असं ती सांगायची. खरं तर तिला सुनेची लाज वाटत होती. पण भावकीनं हरेश्वरला दुसरी बायको करायचा विषय काढला, तेव्हा तिनं सगळ्यांना झाडलं. आधी पोरीला काय झालंय ते तरी कळू दे, म्हणाली, आणि राहीला घेऊन मुरूडला अंबाजीपंत वैद्यांकडे गेली.

अंबाजीपंतांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पाळीचं विचारलं, भूक-झोपेचं विचारलं. मग म्हणाले की करणीबिरणी काही नाही, हा आजार आहे आणि तो पुष्कळ बायकांना असतो, फक्त कुणी बोलत नाही. शरीरात कफ आणि मेद वाढला की वाट अडते. पाळी वेळेवर येत नाही, आणि पाळीची घडीच बसत नाही तिथं बीज तरी कसं पिकणार. केस, मानेचा काळेपणा, सुटलेलं अंग ही सगळी त्याच एका आजाराची फळं. पुरतं बरं होईल असं वचन ते देत नव्हते, पण वाट मोकळी करता येईल म्हणाले.

त्यांचं पथ्य ऐकून नीराबाईचा चेहरा पडला. नवा तांदूळ नको, गोडधोड नको, दही नको, दुपारची झोप नको. नाचणी आणि कुळीथ खायचे. खारवलेली सुकी मासळी बंद, ताजी चालेल. आणि रोज चालायचं. डोक्यावर पाटी घेऊन मुरूडच्या बाजाराला ही येते का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नीराबाई खाली बघू लागली. जेवणाआधी घ्यायचं चूर्ण दिलं. शिवाय काळे तीळ, गूळ आणि काही मुळ्यांचा काढा सांगितला: पाळी लांबली तर सुरू करायचा, आली की बंद करायचा. निघताना त्यांनी नीराबाईला थांबवून बजावलं, "हिची अन्नावरची वासना उडाली, मळमळलं, तर काढा थांबवा आणि आधी माझ्याकडे या. तेवढं विसरू नका."

राही पुन्हा पाटी घेऊन बाजाराला जाऊ लागली. पावसाळा संपेपर्यंत तिचं अंग हलकं झालं. आणि एके दिवशी ती जाळ्यापासून दूर, पडवीच्या कडेला जाऊन बसली. नीराबाईनं त्या दिवशी आळीत नारळ वाटले, आणि कशाचे ते कुणाला सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं. पुढच्या महिन्यात पुन्हा पाळी आली. त्याच्या पुढच्याही.

मग ती लांबली. नीराबाईनं लगेच काढा उकळायला ठेवला. हिची पाळी लांबते ती आजारानंच, ही गोष्ट घरात इतकी मुरली होती की दुसरं काही कुणाच्या मनातच आलं नाही. त्याच दिवसांत राही मासळीपासून तोंड फिरवू लागली. ताज्या पापलेटाच्या कालवणाचाही तिला वास सोसेना, ती भातावर नुसतं मीठ घेऊन उठायची. कोळ्याची सून मासळीला नाक मुरडते म्हटल्यावर नीराबाईला हसूच आलं. वैद्यांनी सुकी बंद केली तर हिनं ओलीही सोडली, बामणाचं औषध पिऊन बामणीण झाली, असं ती विहिरीवर सांगायची आणि बायका हसायच्या. राहीही हसायची. महिना उलटला तरी पाळी येईना, तेव्हा नीराबाईनं काढ्यात तीळ वाढवले.

बोंबील वाळत घालता घालता राही पोट धरून खाली बसली, तिला उठवेना, आणि लुगडं रक्तानं भिजलं. सुईण ठमाबाई आली, तिनं पाहिलं आणि नीराबाईला बाजूला घेऊन सांगितलं की हा विटाळ नव्हे, पोर गेलं. हिला दिवस गेलेले होते.

नीराबाई एकटी मुरूडला गेली. अंबाजीपंतांनी सगळं ऐकून घेतलं. काढ्यानंच झालं असं ते छातीठोक सांगेनात. गर्भ कधी कधी आपणहून जातो, म्हणाले. पण मळमळ सुरू झाल्यावर तो थांबवायला हवा होता. मी सांगितलं होतं ना, एवढंच त्यांनी विचारलं. त्या सांगण्याची आठवण तिला होती. शब्दन्‌शब्द होती. तिनं त्या शब्दांची वेळ ओळखली नव्हती, उलट राहीच्या नाक मुरडण्याची थट्टा केली होती.

परतताना तिनं ठरवलं होतं की घरी जायचं आणि सुनेला सांगून टाकायचं. पण उंबऱ्यातच राहीनं तिचे पाय धरले. रडत रडत तिनं सांगितलं की पथ्य मोडलं ते आपणच. पथ्याच्या पहिल्या दिवसांत एकदा सगळे बाजाराला गेलेले असताना तिनं भाजलेला सुका बोंबील खाल्ला होता. त्यानंच औषध उलटलं आणि पोर गेलं.

नीराबाईच्या ओठांवर खरं आलं होतं. तिनं ते गिळलं. राहीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उठ. झालं ते झालं. मी माफ केलं तुला."

त्या दिवसापासून राहीनं मासळी सोडली. ओली, सुकी, सगळी. दिवसभर मासळी निवडायची, कापायची, वाळवायची, सासू-नवऱ्याला रांधून वाढायची, आणि स्वतः कुळथाच्या पिठल्याशी भाकरी खायची. आळीतल्या बायका म्हणत, सासू असावी तर अशी. एवढं होऊनही सुनेला एक शब्द बोलली नाही. हे ऐकलं की नीराबाई तिथून उठून जायची. तिचा तोंडाचा पट्टा बंद पडला. गिऱ्हाइकं घासाघीस करायला लागली. तिला रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज तिला भीती वाटायची की ही पोर आपल्याकडे पुन्हा तशी बघणार नाही.

राहीची पाळी पुन्हा बिघडली. औषधाला ती नको म्हणाली. आपल्या हातानं घालवलेलं आता कशाला मागायचं, असं तिचं म्हणणं. आणि तिनं स्वतःच हरेश्वरमागं लकडा लावला की दुसरी बायको कर. मुलगीही तिनंच शोधली, आपल्या मामाची केसर. हरेश्वर नाही नाही म्हणत शेवटी गप्प झाला. सुपारी फोडायला माणसं जमली. राही सगळ्यांना चहा देत फिरत होती, आणि माणसं तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होती.

पंचांनी सुपारी हातात घेतली तेव्हा नीराबाई उठली.

"थांबा," ती म्हणाली. "हिनं काय बी केलेलं न्हाय. हिच्या पोटात पोर व्हतं आनि मी वरून काढा पाजत व्हते. वैद्यानं मना केलेलं. मला ठावं हाय कवाचं. ही सोताला दोस देत राह्यली आनि मी दिऊ दिला."

सुपारी फुटली नाही. पाहुणे एकेक करून उठले. हरेश्वर खाली मान घालून बसला होता. राहीनं हातातला चहाचा पेला जमिनीवर ठेवला आणि सासूसमोर येऊन बसली. ती रागावेल, रडेल, माहेरी निघून जाईल, या सगळ्याची नीराबाईनं मनात तयारी केली होती.

"काढ्याचं काय न्हाय, आये," राही म्हणाली. "तू माज्या भल्यासाठीच पाजलास. पन मला माफ केलंस, ते कशापायी?"

पुढं राही औषधाला पुन्हा मुरूडला जाऊ लागली, दोघी एकाच घरात राहिल्या, एकाच चुलीवर जेवल्या. पण नीराबाई मरेपर्यंत सांगायची की तिच्या सुनेनं तिला एकच प्रश्न विचारला, आणि तो काही सुटला नाही.