तिसऱ्या तारलीवरचा फोकस

लुकोवा हे बंदराच्या पाण्यात वॉटरपोलो खेळणारं गाव, आणि याक्शा त्याचा अधिकृत छायाचित्रकार. अधिकृत अशासाठी, की फुकटात उन्हात उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. उमेदीची सारी वर्षं त्याने फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात घालवली. निवृत्त झाला तसा लेकीने जर्मनीहून पाठवलेला कॅमेरा गळ्यात आला, आणि तेव्हापासून एकच ध्यास: क्लबच्या भिंतीवर, करंडकांच्या वर, आपला एक फोटो चौकटीत लागावा.

मागणं काही फार नव्हतं. पण फोटो काढावा गोलकीपरचा, आणि उमटावी त्याच्या मागे धक्क्यावर बसलेली पेरिनाकाकू! काकू अशी लख्ख, की कानातल्या डुलातला खडा खरा की खोटा ते सोनाराने घरबसल्या सांगावं. आणि गोलकीपर? दुधात पडलेला पाव.

दर सोमवारी फोटो कॅफेच्या काचेवर लागायचे आणि अख्खं गाव तिथे नाक चिकटवून उभं राहायचं. वडीलधाऱ्या माणसाला इथे बार्बा म्हणतात. "बार्बा याक्शा, काय हात आहे हो तुमचा! माझी टोपी बघा कशी आलीय!" गाव बेहद्द खूश. क्लबचा अध्यक्ष विंको तेवढा उखडलेला.

"याक्शा, सामना आम्ही खेळतो की पेरिना?"

"ती हलत नाही ना. खेळाडू हलतात."

"मग काय खांबाला बांधू त्यांना? रविवारी पलीकडच्या विसोकावाल्यांशी सामना आहे. एक तरी खेळाडू नाकाडोळ्यांसकट दिसू दे. नाहीतर फोटो माझा भाचा काढेल."

"त्याच्याकडे कॅमेरा कुठाय?"

"फोन आहे."

हा घाव वर्मी बसला. फोन!

याक्शा घरी जाऊन कॅमेऱ्याचं पुस्तक घेऊन बसला. त्यात लिहिलं होतं, की काही कॅमेऱ्यांची नजर नेम धरल्या जागेच्या जरा मागे पडते. मोजपट्टी तिरपी ठेवा, मधल्या खुणेवर नेम धरा, कुठली खूण स्पष्ट येते ते पाहा आणि तेवढा फोकस पुढे ओढा. घरात मोजपट्टी नव्हती. तारल्या होत्या.

"टोंका, त्या जरा तिरप्या रांगेत लाव."

"तळायच्यात त्या," बायको म्हणाली. "संचलनाला नाही न्यायच्या."

पण लावल्या. नेम तिसऱ्या तारलीवर, आणि डोळा चमकतोय पाचवीचा! सापडला चोर. मेनूत शिरून त्याने आकडा खाली खाली आणला. शेवटी तिसरी तारली अशी टवटवीत उमटली, की आता उडी मारेल.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेला, तर गोलकीपर तसाच पाव, आणि त्याच्या पुढची तरंगती दोरी धाग्याधाग्याने स्पष्ट. हातभरावर जुळवलेली नजर बंदरापलीकडे कशी जुळावी? मग तारल्यांची फळी धक्क्याच्या पार टोकाला, गोल जितका लांब तितकी लांब नेली. आता एवढं पंचपक्वान्न उघड्यावर मांडल्यावर बंदरातली मांजरं काय उपास करतील? टोंका खुर्ची टाकून, झाडू घेऊन पहाऱ्याला बसली.

"लग्नाच्या वेळी सांगितलं असतंस," ती तिथून ओरडली, "की म्हातारपणी मेलेल्या माशांची राखण करायचीय, तर मी विचार केला असता!"

"हलू नकोस! तिसरीवर सावली पडतेय!"

रविवारी शेवटच्या क्षणी लुकोवाचा कर्णधार दुये पाण्यातून कमरेपर्यंत उसळला आणि विजयी गोल झाला. याक्शाने बटण दाबलं. आहाहा! मिशीवरचा थेंब न् थेंब मोजून घ्या. दुयेचा उजवा हात चेंडूवर, तोही स्पष्ट. डावा हात विसोकाच्या बचावपटूच्या चड्डीत, तोही स्पष्ट. आणि त्या ओढलेल्या चड्डीतून जे पांढरंशुभ्र वर आलं होतं, ते तर सगळ्यांत स्पष्ट.

सोमवारी गावाने काचेला नाक चिकटवलं आणि लगेच मागे घेतलं.

"मी कुठाय?" पेरिनाकाकूने विचारलं.

"तो मागचा पिवळा डाग."

"डाग? एवढे केस कुरळे करून घेतले, ते डाग दिसायला?"

तेवढ्यात विंको धापा टाकत आला. "हे काय लावलंयस?"

"खेळाडू. नाकाडोळ्यांसकट."

"चड्डीसकट म्हण! रेफ्रीला दिसलं नाही ते तू काचेवर चिकटवतोस? काढ आधी. आणि तो कॅमेरा होता तसा कर!"

याक्शाने फोटो काचेवरून उतरवला खरा, पण विसोकाची सकाळची फेरीबोट सुटून गेली होती, आणि बोटीवरची त्याची जुनी मित्रमंडळी पोटात काही ठेवणाऱ्यांतली नव्हती. संध्याकाळी विसोकाच्या क्लबचा अध्यक्ष जातीने हजर.

"बार्बा, तो फोटो द्या. जेवढा मोठा निघेल तेवढा."

आता लुकोवाच्या कॅमेऱ्यात आकडा पुन्हा होता तिथे आहे. पेरिनाकाकूचे डूल झळकतात, विंको हल्ली खेळाडूंचं नाव काढत नाही, आणि भाचा फोन खिशात घालून फिरतो. विसोकाच्या क्लबात मात्र भिंतीवर, करंडकांच्या वर, चौकटीत तो फोटो लागलाय. करंडक तिथे दोनच, त्यामुळे जागेची ददात नव्हती.

याक्शा दर शनिवारी बोटीने विसोकाला जातो. मासळी आणायला म्हणे. विसोकाचे लोक मासळी लुकोवातून नेतात, ही गोष्ट वेगळी.

"मासे आणलेस?" टोंका दारातच विचारते.

"संपले होते."

"आणि फोटो?"

"जरासा तिरपा झाला होता. सरळ करून आलो."