कंपनीतलं डोहाळजेवण

माणसाला माणूस न म्हणता 'रिसोर्स' म्हणायला शिकवणारा अभ्यासक्रम मी भर नोकरीत, चाळिशीला टेकल्यावर, स्वतःच्या पायाने चालत जाऊन घेतला. कुणी बळजबरी केली नव्हती. पिरंगुटच्या बाजूला गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआर असिस्टंट होते. म्हणजे हजेरी, ओळखपत्रं, कॅन्टीनच्या तक्रारी आणि साहेबांकडे पाहुणे आले की चहा वेळेवर आला का ते बघणं. ऑफिसर व्हायचं तर पदव्युत्तर पदवी लागेल असं सांगण्यात आलं. म्हणून भुकूमच्या नव्या इमारतींमध्ये उभ्या राहिलेल्या एका कॉलेजात शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी दिवसभर एमबीए. नांदे गावातल्या घरून स्कूटीवर जायचे. सासूबाई म्हणायच्या, "आगं, खोल्यांचं भाडं येतंय की घरबसल्या. ह्या वयात कशापायी पुस्तकात तोंड घालतीस?" नवरा काही म्हणायचा नाही. फक्त रविवारचं मटण मी गेल्यावर शिजायचं आणि मी येईपर्यंत संपलेलं असायचं.

वर्गातले सगळे माझ्यासारखेच, आठवडाभर कुठल्या ना कुठल्या कंपनीत लोकांची हजेरी घेऊन आलेले. खोलीत सेंटचा आणि समोशांचा मिळून एक वास कोंडलेला असायचा. आणि कामगार कायदे शिकवायला कोण, तर आमच्याच कंपनीचे मॅनेजर. पाहुणे प्राध्यापक म्हणून यायचे. आठवडाभर माझे साहेब, रविवारी माझे सर, आणि वर माझ्या प्रोजेक्टचे मार्गदर्शकही तेच. एका माणसाचं तोंड बघायचं म्हणजे किती बघायचं!

त्यांच्याविषयी वाईट बोलायला मला कष्ट पडत नाहीत, म्हणून आधी खरं ते सांगते. हा माणूस कधी कुणावर ओरडला नाही. कुठल्या बाईकडे वाकड्या नजरेने बघितलं नाही. आवाज मऊ, प्रत्येकीला 'मॅडम', अगदी झाडणारीलासुद्धा. खिशात सॅनिटायझरची छोटी बाटली. लाइनवर फेरी मारताना दोन-चार जणींच्या पाठीवर शाबासकी द्यायची आणि दाराबाहेर आलं की बाटली काढून हात चोळायचे. करोना जाऊन किती दिवस झाले, बाटली काही गेली नाही.

लाइनवरच्या बहुतेक बाया ठेकेदाराच्या. पुढे-मागे कुणी 'आम्हाला कायम करा' म्हणू नये म्हणून दर काही महिन्यांनी त्यांना 'ब्रेक' द्यायचा, म्हणजे थोडे दिवस घरी बसवायचं आणि मग नव्याने कामावर घेतलं असं दाखवायचं. रविवारी सर फळ्यावर लिहायचे, ही अनुचित प्रथा आहे. सोमवारी सकाळी साहेब विचारायचे, "ह्या महिन्याच्या ब्रेकचं झालं का, मॅडम?" लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण त्या म्हणीतल्या माणसाला निदान मनातून थोडी लाज असेल असं मला वाटायचं. पहिल्या बाकावर मला बघून हे चपापतील अशी माझी समजूत होती. ते माझ्याकडे बघून हसायचे आणि पुढचा मुद्दा घ्यायचे.

पॅकिंगला नुकतीच लागलेली एक पोरगी होती, पौडच्या पुढे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीवरची. पोरगीच म्हणते, पण लग्न होऊन चार-पाच वर्षं झालेली. तिला दिवस गेले होते. आधी दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं, म्हणून ह्या खेपेला जीव मुठीत धरून होती. खोकी उचलायला नकोत म्हणून तिने एकट्या मला सांगितलं. "ताई, सातवा लागंस्तवर कुनाला बोलू नका. नजरंचं लई भ्या वाटतंय." मी काही कारण काढून तिला बसून स्टिकर लावायच्या कामावर घेतलं. पण सुपरवायझरने जागा का बदलली ते हुंगून काढलं आणि साहेबांच्या कानावर घातलं.

मला वाटलं, आता हिला घालवणार. साहेब मात्र खूष! हेड ऑफिसला दर महिन्याला 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'चे फोटो पाठवावे लागत. दांडिया झाला होता, रांगोळी झाली होती, महिला दिनाचे गुलाब झाले होते. ते म्हणाले, "आपण तिचं डोहाळजेवण करू. लाइनवरची महिला, काय सुंदर मेसेज जाईल!" मी म्हटलं, सर, तिला नकोय, त्यांच्यात सातव्याच्या आधी ओटी भरत नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही समजवा ना." मी समजावलं नाही, तर त्यांनी ठेकेदाराला सांगितलं, आणि ठेकेदाराचं समजावणं कसं असतं ते तिला ठाऊक होतं.

कॅन्टीनमध्ये झोपाळा आणला, थर्माकोलचा चंद्र, मागे भलामोठा फ्लेक्स, 'कंपनी परिवारातर्फे डोहाळजेवण', खाली तिचं नाव. अंगावर हिरवी साडी आणि फुलांचे दागिने. फुलं कापडाची आणि साडी भाड्याची, संध्याकाळी परत द्यायची होती. ऑफिसातल्या बायकांनी ओटी भरली, कारण लाइन थांबवायची परवानगी नव्हती. तिच्या बरोबरच्या बायांनी लांबून काचेतून बघितलं. ती मान खाली घालून बसली होती. मग दोन झाकलेल्या वाट्या. तिने एक उघडली, पेढा निघाला. साहेब टाळी वाजवून म्हणाले, "पेढा! मुलगा!" आणि स्वतः पुढे होऊन फोटोसाठी तिला पेढा भरवला. फोटो नीट आला नाही म्हणून दुसऱ्यांदा भरवला. आणि तिच्या तोंडातला घास गिळून व्हायच्या आत खिशातली बाटली काढून हात चोळले, तिच्या समोर. मला त्या क्षणी त्यांच्या त्या हातांची अशी काही शिसारी आली की मी माझ्या वाटणीचा मसालेभात तसाच टाकला.

महिनाही झाला नसेल. सकाळी गेटवरच्या मशिनवर तिचं कार्ड लागेना. लाल दिवा लागायचा आणि मशिन ओरडायचं. मागची रांग खोळंबली. वॉचमन हिंदीत म्हणाला, बाजूला हो. ती माझ्याकडे आली. "ताई, ब्रेक दिला म्हनत्यात. आता दिला तर माझी पगारी रजा गेली. डॉक्टर म्हनतोय आराम कर. आराम कशावर करू?"

तिचं खरं होतं. बाळंतपणाची रजा मिळायला जितके दिवस कामावर भरावे लागतात तितके भरतच आले होते, आणि नेमका तेव्हाच हा ब्रेक. मी तडक साहेबांकडे गेले. म्हटलं, सर, गरोदर बाईला असं काढता येत नाही, तुम्हीच शिकवलंय. त्यांनी मान हलवली, जणू मी वर्गात बरोबर उत्तर दिलं होतं. म्हणाले, "बरोबर. पण ती प्रेग्नंट आहे हे आपल्याला ऑफिशियली कुणी कळवलं होतं का?"

"सर, तुम्ही तिला पेढा भरवलात."

ते हसले. "ते एंगेजमेंट होतं, मॅडम. हे कम्प्लायन्स आहे."

संतापाने तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझं तसं झालं नाही. मी फक्त त्यांच्या खिशातल्या बाटलीकडे बघत होते. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ह्या मऊ आवाजाशी काय भांडणार?

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. बहुधा कुणीतरी कानावर घातलं असावं की हे प्रकरण शेकेल. म्हणाले, कंपनीच्या पेजवर आपण टाकलेला डोहाळजेवणाचा तो फोटो काढून टाका, आणि वाडीवर जाऊन तिच्या हाताने लिहिलेला राजीनामा आणा, घरगुती कारणास्तव. "तुमच्यावर विश्वास आहे तिचा." मग जरा थांबून, "तुमचं प्रोजेक्ट माझ्या टेबलावर आहे, लक्षात आहे माझ्या."

फोटो मी काढून टाकला. वाडीवरही गेले. पौड मागे टाकून बरंच आत, स्कूटी खाली लावून शेवटचा चढ चालत. ती उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. मी म्हटलं, "मला राजीनामा आणायला पाठवलंय. तू कशावर सही करू नको. ठेकेदार आला तरी नाही, आणि मी परत आले तर माझ्यासमोरही नाही. त्यांचं म्हणणं, तू गरोदर आहेस हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि पेजवरचा फोटो आता गेला."

"कुटला, पेढ्याचा?" ती म्हणाली. "आवं, त्यो तर समद्या वाडीत हाय." आणि तिने मोबाइल पुढे केला. चंद्र, फ्लेक्स, फ्लेक्सवर तिचं नाव, आणि दात काढून पेढा भरवणारे साहेब, सगळं लख्ख. कंपनीने हौसेने टाकलेला तो फोटो तिच्या जावेने माहेरी पाठवला होता, माहेरच्यांनी आणखी कुणाला. आतून तिची सासू म्हणाली, "त्या मानसाच्या हातचा पेढा बगितला तवाच मी म्हनलं, ह्यो फुकाट न्हाई."

तिच्या नवऱ्याने तो फोटो ठेकेदाराला पाठवला आणि खाली लिहिलं, हे घेऊन लेबर ऑफिसात चाललोय. बस्स. त्याच आठवड्यात तिचं कार्ड लागलं. कुणी माफी मागितली नाही. ती स्टिकर लावत बसली, दिवस भरले, पगारी रजेवर गेली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्या दिवशी मी घरी येऊन ढसाढसा रडले, आणि सासूबाईंना वाटलं मी नापास झाले.

इथे संपायला हवं होतं. पण रविवार येतोच. सरांनी त्या दिवशी प्रसूतीच्या कायद्यावर शिकवायला घेतलं आणि म्हणाले, एक जिवंत उदाहरण सांगतो. आमच्याकडच्या एका महिला कामगाराला ठेकेदाराने चुकून ब्रेक दिला होता. मला कळताच मी लक्ष घातलं आणि तिला मानाने परत घेतलं. कायदा सगळेच पाळतात, पण संवेदनशीलता हवी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडे वळले, "आमच्या मॅडम साक्षीदार आहेत. सांगा ना."

माझ्या प्रोजेक्टवर अजून सही झाली नव्हती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. भाड्याची साडी, दोनदा भरवलेला पेढा, गेटवरचा लाल दिवा, मला राजीनामा आणायला धाडलं ते, फोटो काढून टाकायला लावला ते. एकेक करून सगळ्यांच्या माना मोबाइलमधून वर आल्या. सर ऐकत होते, हात चोळत. माझं बोलून झालं आणि मी खाली बसले. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल.

माण गावातल्या एका कंपनीतला, माझ्यासाठी नेहमी जागा धरून ठेवणारा, खरोखर भला माणूस, त्याने हात वर केला. वहीवर पेन टेकवून, मनापासून विचारलं, "पण मॅडम, मग ह्यात कंपनीचं नेमकं चुकलं कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत पहिल्या बाकावरची एक जण म्हणाली, "डोहाळजेवण करायलाच नको होतं. पुरावा झाला."

"करेक्ट," सर म्हणाले. आणि सगळ्यांनी लिहून घेतलं.