कबरीवरचं आभाळ

जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात आमच्या विभागात एक बलुच गृहस्थ होते. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. गाड्यांचे सुटे भाग मोजून पास-नापास करायचे, हे आमचं काम. मी त्यांना चाचा म्हणायचे; बोलणं हिंदी-उर्दूत.

एका वर्षी गावच्या ग्रंथालयाने इथे राहणाऱ्या परदेशी लोकांना आपापल्या देशातली एखादी वास्तू करून मांडायला सांगितलं. चाचांनी लाकडात बलुचांच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराची कबर करायला घेतली. आश्रयाला आलेल्या एका बाईच्या उंटांची पिल्लं कुणी मारली, म्हणून हा माणूस तीस वर्षं लढला म्हणे. शेवटी मुलूख सोडून पंजाबात आला, तिथेच गेला. कबर म्हणजे विटांची अष्टकोनी इमारत. चाचांनी ती तरुणपणी वडिलांबरोबर पाहिलेली.

मापं नव्हती. होता तो एक फोटो, त्यात वडील भिंतीला टेकून उभे.

"अब्बांची उंची मला माहीत आहे," चाचा म्हणाले. तेवढ्यावरून आम्ही चार शनिवार बसून सगळी मापं काढली.

मग मी उत्साहाने कॉम्प्युटरवर एक देखणा घुमट काढून नेला. ते बघत राहिले.

"सुंदर आहे, बेटी. पण मी पाहिली तेव्हा वर आभाळ होतं."

"कधीतरी घुमट असेलच ना?"

"असेल. कसा होता, ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही. खोटं न बोलण्याची शपथ घेतलेला सरदार तो. त्याच्या डोक्यावर मी माझ्या मनचं छप्पर ठेवू?"

मी ओशाळले. केसभर फरकासाठी दिवसभर माल परत पाठवणारी मी!

प्रदर्शनात एक जर्मन आजी वाकून बघत म्हणाल्या, "वरचं तुटलं का हो?"

"नाइन, नाही. असंच आहे," म्हणत चाचांनी आपल्या अडखळत्या जर्मनमध्ये उंटांपासून सगळी हकीकत सांगितली. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आजींनी खुर्ची ओढून घेतली. मागे पाच-सहा माणसं जमली.

शेवटी आजींनी विचारलं, "आणि त्या बाईचं पुढे काय झालं?"

"मला माहीत नाही," चाचा म्हणाले.

परतीच्या बसमधून उतरताना ते म्हणाले, "लहानपणापासून ऐकतोय ही गोष्ट. मी कसं नाही विचारलं कधी?"

रविवारी त्यांनी क्वेट्ट्याला थोरल्या बहिणीला फोन लावला. तिलाही ठाऊक नव्हतं. पण आपल्या गावात जुन्या गोष्टी सांगणारी एक म्हातारी आहे, तिला विचारून सांगते, म्हणाली.