ठकूमावशीची चाल

ज्या बाईची चोरी करून मी नटी झाले, ती बाई काल गेली.

ठकूमावशी.
तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत नाही. पण माझं ते नाटक पाहिलं असेल, तर तिला पाहिलंय.

दुष्काळाची वर्षं होती ती. शहरात पाण्याचे टँकर फिरत होते आणि आमच्या गारखेडा भागात तरीही बिल्डिंगवर बिल्डिंग उठत होती.

नाटकात मला मेंढ्या विकून शहरात आलेल्या बाईचा रोल मिळाला होता. तिसऱ्याच तालमीला दिग्दर्शक सर म्हणाले, "तू धनगरीण नाही वाटत. डोक्यावर पदर घेतलेली कॉलेजची पोरगी वाटतेस. जा, खरी बाई बघून ये."

खरी बाई आमच्या घरासमोरच होती.
समोरच्या साइटवर पत्र्याच्या खोलीत एक वॉचमन जोडपं राहायचं. ठकूमावशी आणि सोपानकाका. देवगाव रंगारीकडचे.

चारा नाही, पाणी नाही, म्हणून कळप विकलेला. काकांचा एक पाय अधू. वॉचमनकीशिवाय दुसरं काम जमण्यासारखं नव्हतं आणि कॉन्ट्रॅक्टरला जोडपंच हवं होतं. रात्रभर काका जागायचे, दिवसभर मावशी गेटवर. टँकर कधीही यायचा. गेट उघडायला कुणी नसलं की परत जायचा, मग सुपरवायझर दोघांना वाट्टेल ते बोलायचा.

वर्षातले आठ महिने मेंढ्यांमागं चालणारी बाई. आता गेटपासून खोलीपर्यंत पंधरा पावलं.

मी वही घेऊन गेले. मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. विचारलं, "मावशी, तुम्हाला इथं कसं वाटतं?"

ती हसली. "असं इचारून काय कळंल, बाय? वही ठिव बाजूला. मह्यासंग बस."

बसले. महिनाभर, रोज दुपारी.

भर उन्हात पत्र्याच्या खोलीत डोकं उकळतं, हे तिथं कळलं. एका जागी बसून तिचे पाय दुखायचे. चालून कधी दुखले नव्हते म्हणे.
आणि ती उभी राहिली की तिचा उजवा हात आपोआप छातीपाशी यायचा. काठी धरायची सवय. काठी नव्हती, म्हणून बाजूला रोवलेली सळई धरायची.

मी ती लकब उचलली. तालमीत सर म्हणाले, "आत्ता बेअरिंग सापडलं!"

मग एका दुपारी तिनं आपणहून सांगितलं.

"एक दिस म्या निघून गेलते. गेट उघडं टाकून. हे झोपले व्हते. आमच्या गावाच्या वाटंला पार पडेगावपर्यंत गेले चालत. लई बरं वाटलं, बाय. वाटलं, आता माघारी जायाचंच नाय. मग ध्यानात आलं, टँकर आला आसंल. त्येंची नोकरी जाईल. आले परत. ह्येंना म्हटलं, गिरणीत गर्दी व्हती."

मग म्हणाली, "कुणाला सांगू नको. ह्येंना तर नायच."

दुसऱ्या दिवशी मी ते तालमीत सांगितलं.

सर उभेच राहिले. "हाच सीन पाहिजे!"
मी म्हणाले, "सर, तिनं विश्वासानं सांगितलंय."
"आपण तिचं नाव कुठं घेतोय?"

खरं सांगते, सीन मलाही हवा होता.

प्रयोगाच्या दिवशी मेकअप चालू असताना कळलं, सरांनी त्या दोघांनाच खास पाहुणे म्हणून बोलावलंय. रिक्षा पाठवून.

विंगेतून पाहिलं. तिसऱ्या रांगेत दोघं. मावशीनं नवं लुगडं नेसलेलं.

आता तो सीन गाळता येत नव्हता. लाइट ठरलेले, म्युझिक ठरलेलं, समोरचा नट माझ्या वाक्याची वाट बघत उभा.

मी केला.
गेट उघडं टाकून निघाले, चालले, थांबले, परत आले. नवऱ्याला म्हणाले, "गिरणीत गर्दी होती."

थिएटरमध्ये टाळ्याच टाळ्या.

बाहेर आले तर मावशी माझ्याकडं न बघता रिक्षात जाऊन बसली होती. काका पाय ओढत मागून येत होते. माझ्यापाशी थांबले.

मी म्हणाले, "काका, ते लेखकानं लिहिलंय..."

"नको सांगू, पोरी," ते हळूच म्हणाले. "मला ठाऊक हाय. म्या जागाच व्हतो. जाताना पाह्यलं तिला."

"मग हाक का नाही मारली?"

"म्हटलं जाऊ दे. एक तरी सुटंल." त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. "तिला सांगू नको मात्र. मला ठाऊक व्हतं, हे कळलं तर तिला लई लागंल."

झालं. तिचं त्यांना सांगायचं नाही, त्यांचं तिला सांगायचं नाही. मधे मी.

पुढं कितीतरी प्रयोग झाले. बक्षीस मिळालं. प्रत्येक वेळी ते चालणं मी चालले आणि प्रत्येक वेळी विंगेमागं जाऊन हात धुतले. का, माहीत नाही.

मी माफी मागायला गेले होते. मावशी म्हणाली, "चहा घे." बस्स. त्यानंतर स्वतःबद्दल एक शब्द नाही.

ती बिल्डिंग पूर्ण झाली, लोक राहायला आले, हे दोघं पुढच्या साइटवर. मग त्याच्या पुढच्या. शहर पैठणच्या रस्त्याला सरकत राहिलं आणि त्याच्यासोबत यांची पत्र्याची खोली. दर दिवाळीला मी जायचे. "चहा घे," एवढंच.

ती गावी परत गेलीच नाही. काल तशाच पत्र्याच्या खोलीत, दुपारी, बसल्या जागी गेली.

आज काकांना भेटले. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले,
"तू तिला कधी सांगितलं नायस ना? मला ठाऊक व्हतं ते?"

"नाही काका. तुम्ही नको म्हणाला होतात."

त्यांनी मान हलवली.

"सांगायला पायजे व्हतं, पोरी. आपण ह्येंना फसवलं, हेच मनात धरून गेली ती."

मावशी, माफ कर.
तुला शेवटचा नमस्कार.