अल मलाझमधला शुक्रवारचा दुष्काळ

हॉस्पिटलात पेशंटपेक्षा किस्सेच जास्त दाखल होतात, आणि त्यांना डिस्चार्ज कुणी देत नाही! इथे आखातात, आमच्या अल मलाझच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी जेवायला जमणाऱ्या कंपूचे तर विचारूच नका. कंपू म्हणजे रेडिओलॉजिस्ट नाडकर्णी, पॅथॉलॉजिस्ट सबनीस, रत्नागिरीचे मासळीचे व्यापारी परकारभाई आणि यजमानीण मी. भांडणाचा विषय ठरलेला: सोव्हिएत काळात युक्रेनमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, ती कुणामुळे?

सबनीस युक्रेनमधल्याच, तेव्हाच्या सोव्हिएत खार्किवमध्ये डॉक्टर झाले, तेही फुकट. म्हणून त्यांचं एकच, "पाऊस पडला नाही, सरकार काय करणार?"

नाडकर्णी उसळतो, "धान्य सरकारनंच उचललं!"

"बायोप्सी दाखव. त्याशिवाय मी सही करत नाही!"

*

एकदा नाडकर्णीनं जाडजूड पुस्तक आणलं. सबनीसांनी विचारलं, "लेखक कुठला?"

"अमेरिकन."

"मग झालं!"

पुढच्या शुक्रवारी सबनीसांनी आपलं आणलं. "छापलंय कुठे?"

"मॉस्कोत."

"मग झालं!"

परकारभाईंनी सुरमईचं गरम पातेलं दोन्ही पुस्तकांवर ठेवलं. "भांडा खुशाल, पण कालवण थंड होतंय. यल्ला, चला!"

*

मग नाडकर्णीनं ग्रुपवर त्या दुष्काळाचा फोटो टाकला. सबनीसांनी शोधून काढलं, तो आधीच्या दुसऱ्याच दुष्काळातला! फिल्मवरचं नाव-तारीख न बघता रिपोर्ट देणाऱ्या ज्युनियरला सोलून काढणारा आमचा नाडकर्णी, तोच असा सापडला.

सबनीस खूश. "बघा, सगळं बनावट!"

मी म्हटलं, "फिल्म दुसऱ्याची निघाली, म्हणून पेशंटचं हाड जुळतं का हो?"

आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

*

खरं तर सबनीसांचा जीव अडकलाय खार्किवच्या हॉस्टेलच्या मावशीत. थंडीत त्यांना घरी नेऊन सूप पाजणारी म्हातारी. तिचा किस्सा ते वरचेवर सांगतात. "ब्रेडची कड टाकली, तर कानाखाली काढली हो! मग टेबलावरचे कण तळहातावर गोळा करून स्वतःच खाल्ले. इतकी चिक्कू!"

एवढं सांगून हसतात आणि चष्मा पुसत बसतात. त्या देशाला नावं ठेवली की मावशीलाच ठेवल्यासारखं वाटतं त्यांना. फार गोड माणूस!

*

परवाच्या शुक्रवारी मी आयसीयूतल्या नव्या नर्सला जेवायला बोलावलं. ओक्साना, युक्रेनची. दोघांनाही आधीच दम दिला, "आज तो विषय खलास!"

दोघंही शहाण्या बाळांसारखे वागले. सुरमई संपली. बोलता बोलता ओक्सानानं टेबलावर सांडलेले खुबूसच्या रोटीचे कण तळहातावर गोळा केले, तोंडात टाकले आणि एकदम लाजली.

"सॉरी. आजीची सवय. ती लहान असताना सरकारी माणसांनी गावातलं सगळं धान्य नेलं. तिची भावंडं त्यात गेली."

सबनीसांनी हळूच विचारलं, "पाऊस... पडला होता का त्या वर्षी?"

"आजी म्हणायची, पीक आलं होतं."

नाडकर्णीनं इतकी वर्षं शोधलेली बायोप्सी समोर होती. मी त्याच्याकडे डोळे वटारले, पण गरजच नव्हती. तो म्हणाला, "सबनीस, तुमच्या मावशीची गोष्ट सांगा ना हिला."

सबनीसांनी सांगितली. सूप, ब्रेडची कड, कानाखाली, तळहातावरचे कण, सगळं नेहमीसारखं.

फक्त "चिक्कू" म्हणाले नाहीत.