मोझेलकाठच्या बुरुजावरचा हात

मी फिटर माणूस. मशीन बंद पडलं की कुठेतरी पट्टा सुटलेला असतो, नाहीतर बेअरिंग गेलेलं असतं — तिसरं कारण मी आयुष्यात मानलं नाही. कारखान्यात कुणी लूमला लिंबू-मिरची बांधली की मी ती काढून फेकायचो. भुताच्या गप्पा निघाल्या की अर्धा चहा टाकून उठायचो. या सदरातले अनुभव मुलगी मोठ्याने वाचून दाखवते, तेव्हाही मी मध्येच म्हणतो, "हा झोपेत होता." त्यामुळे उद्या मला कुणी तसं म्हटलं तर माझी तक्रार नाही. फक्त तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि माझ्यासोबत असलेल्या माणसालाही तेच दिसलं.

साल १९९४. आम्ही भिवंडीत कामतघरला चाळीत राहायचो. मी, बायको, आई आणि बाबा. बाबा मूळचे शेजारच्या कोन गावचे, पण हयात गेली लूमवर, जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे अडलेला लूम चालू करून देणारा. तीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली, ती छातीत बसली. दोन जिने चढले की भिंतीला टेकायचे. मी त्यांचा एकुलता. पाना कसा धरायचा तेही त्यांनीच शिकवलं... आणि चुकलो तर त्याच पान्याने बोटांवर टोलाही द्यायचे.

आमचे शेठ, हाजीसाहेब, यांनी त्या वर्षी जर्मनीत मोझेल नदीच्या काठी बंद पडलेल्या एका गिरणीतले बारा जुने लूम घेतले. बिनधोट्याचे, म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा नसलेले. ते खोलायचे, एकेका भागावर नंबर टाकायचा, पेट्यांत भरायचे आणि इथे आणून परत उभे करायचे. दोन महिन्यांचं काम. मला पाठवायचं ठरलं तेव्हा बाबांची तब्येत चांगली नव्हती. मी जाऊ की नको, असं चाललं होतं. बाबाच म्हणाले, "जा की. ते लूम बघितल्याबिगर मी कुठं जात न्हाय."

मी गेलो.

तिथलं वर्णन करायला मला जमणार नाही. नदी, दोन्ही बाजूंना उभ्या चढावर द्राक्षाचे मळे, आणि दर वळणावर एक किल्ला. गिरणीतला म्हातारा फिटर डीटर माझ्या मदतीला होता. त्याला मोडकं इंग्लिश येत होतं, मला त्याहून मोडकं. आमचं चांगलं जमलं. सुट्टीच्या दिवशी माणूस खोलीत एकटा पडू नये म्हणून तो दर रविवारी मला गाडीत घालून किल्ले दाखवायला न्यायचा. सातशे वर्षांचा, आठशे वर्षांचा, असं सांगत राहायचा. मी मान डोलवायचो. आपल्याकडे माहुलीचा किल्ला चढायचा म्हणजे जीव तोंडाशी येतो. तिथे निम्म्या वाटेवर बाकडं आणि आइस्क्रीम. कसले किल्ले हे, असं मी बायकोला पत्रात लिहिलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गिरणीच्या ऑफिसात हाजीसाहेबांचा फोन आला.

"देख बेटा, घाबरू नको. बाबांची तब्येत गिरलीय. डॉक्टर म्हणतो, काही सांगता येत नाही. सोमवारचं विमान आहे, तिकीट मी बदलून घेतो."

"चार लूम राहिलेत शेठ. दहा दिवस लागतील."

"लूम गेले खड्ड्यात. पण तुझा बाप मला काल म्हणाला, त्याला काम टाकून बोलावू नका. आता तू बोल. फैसला तुझा."

मी म्हटलं, उद्या सांगतो.

रात्रभर तेच. सोमवारी निघालो तर भेट होईल. नाही गेलो तर... पण याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा ते उठून बसले होते. आणि काम अर्धं टाकून आलास, असं त्यांनी म्हणायला नको होतं मला. खरं सांगायचं तर त्याचीच भीती जास्त होती.

रविवारी डीटर आला. मी नाही म्हणणार होतो, पण खोलीत बसून तरी काय करणार होतो. आम्ही दोन किल्ले पाहिले, मला त्यातलं काहीही आठवत नाही. तिसरा डोंगरावर होता, बराचसा पडका. खाली तिकिटाचं दुकान होतं, तिथे कुणी दिसेना, म्हणून येताना पैसे देऊ म्हणत आम्ही मळ्यातल्या पायवाटेने वर चढलो. दरवाजा उघडा. आत चौक, आणि चौकाच्या पलीकडे उंच चौकोनी बुरूज.

बुरुजाला दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर एक मोठी खिडकी होती. तिच्यात एक माणूस उभा होता.

चेहरा सावलीत होता. अंगात पांढरं बनियन... एवढंच. मला आठवतं, मी मनात म्हटलं, या थंडीत बनियनवर? आम्ही चौकात पाऊल टाकलं तसा त्याने हात पुढे केला. पंजा पालथा, बोटं खाली-वर, खाली-वर. घाई नव्हती त्यात. कंटाळाही नव्हता.

डीटर थांबला. "बंद आहे म्हणतोय. जा म्हणतोय," तो म्हणाला, आणि त्या माणसाला हात दाखवून मागे वळला.

मलाही तसंच वाटलं. मीही वळलो. दरवाज्यातून एकदा मागे पाहिलं तर तो तसाच हात हलवत होता. म्हटलं, काय माणूस आहे, जातोय ना आम्ही.

खाली दुकानात आता एक बाई आली होती. डीटर तिच्याशी जर्मनमध्ये काहीतरी बोलला. मग ती बोलली. नंतर त्याने मला सांगितलं, ती म्हणते किल्ला पाचपर्यंत उघडा आहे. वर तिचा कुणीही माणूस नाही. आणि त्या बुरुजाला आत मजले नाहीत, जिनाही नाही, लाकूड सगळं कधीचंच जळून गेलंय. तिने काउंटरवरचं एक पोस्टकार्ड आमच्यापुढे ठेवलं. बुरुजाच्या आतून काढलेला फोटो होता. चार भिंती, वर आभाळ, आणि ती खिडकी — तिच्या आत पाय ठेवायला वीतभरही जागा नाही.

डीटरला परत वर जाऊन बघायचं होतं. मी म्हटलं, जाऊ दे.

संध्याकाळी मी हाजीसाहेबांना फोन केला. म्हटलं, काम संपवूनच येतो.

गुरुवारी बाबा गेले.

मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. अग्नी चुलतभावाने दिला होता. आई भिंतीला पाठ लावून बसली होती. मी तिच्याजवळ बसलो. बायकोने पाणी आणून दिलं, ते प्यालो. रडायला हवं होतं, सगळे वाट बघत होते, पण आत काही हललंच नाही. मग आई आपणहून सांगायला लागली.

"शनवारी रात्री वाचा गेली त्यांची. रविवारी दिवसभर डोळे मिटून पडलेले. सांजच्याला बघते तं डोळे उघडे, आनि दाराकडं बघून हात करतायत. मी म्हटला, कोन आलाय? दारात जाऊन बघून आले. कोन न्हाय. तरी आपले बोलावतायत, बोलावतायत..."

"किती वाजता?"

"दिवा लावून झालेला. सात, साडेसात. मंग एकाएकी हात खाली पडला. तो परत उचलला न्हाय त्यांनी."

तिथले तीन म्हणजे आपले साडेसात. हे गणित मी दोन महिने रोज करत होतो, त्यामुळे करावं लागलं नाही, आपोआप झालं.

मी विचारलं, "कसा हात करत होते?"

आईने करून दाखवला. पंजा पालथा. बोटं खाली-वर, खाली-वर.

आपल्याकडे 'ये' असंच म्हणतात. भिवंडीत, कोनला, सगळीकडे. तान्हं पोरसुद्धा ओळखतं. तिकडे पालथा हात म्हणजे 'जा', आणि बोलवायचं तर उताण्या हाताने. पहिल्याच आठवड्यात मी डीटरला पालथ्या हाताने बोलावलं होतं, तर तो बिचारा खोलीबाहेर निघून गेला होता. मग मी सवय बदलली. दोन महिन्यांत इतकी बदलली की बापाने बोलावलं ते मला 'जा' असं दिसलं.

डीटरला मी पुढे पत्र लिहून विचारलं. त्याचं उत्तर आलं. माणूस त्यालाही दिसला होता, बारीक, सावळा, पांढऱ्या बनियनमधला. यापलीकडे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. शिकलेल्या लोकांनी मला योगायोग सांगितला, थकवा सांगितला. दोन माणसांना एकसारखा थकवा कसा येतो, ते कुणी सांगितलं नाही. मी शोधायचं सोडलं. हात खिडकीत कसा आला, हा प्रश्न मला तसा छळतही नाही. मी पाठ फिरवली आणि तिकडे तो खाली पडला, एवढंच मला पुरतं.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती पुढे नऊ वर्षं जगली. त्या दिवशी हात करून दाखवल्यावर तिने तो माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "इतक्या लांब तुला काय कळनार होता? त्यांनी बोलावलेला कळला असता तं तू आला असतास. मला ठाव हाय."

मी हो म्हटलं.